आकाशलहरींतील पाऊलवाट

रेडिओ लहरी ही विकली जाणारी वस्तू आहे, हे भारतीय वृत्तपत्रवाचकाला आता नव्याने सांगावे लागत नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द ठरविले. पुढे २०२२ च्या लिलावात सरकारने सुमारे दीड लाख कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम विकला. या घटनांमुळे सुशिक्षित वर्गाच्या मनात एक समीकरण पक्के बसले आहे. लहरी जनतेच्या आहेत, म्हणून त्यांचा लिलावच झाला पाहिजे. आणि लिलावाची रक्कम जितकी मोठी, तितके जनहित अधिक साधले! या समीकरणाचा पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा मात्र तपासून घेण्यासारखा आहे. खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१२ मध्ये, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना, नैसर्गिक साधनसंपत्तीच्या वाटपाचा लिलाव हा एकमेव मार्ग नव्हे, असे मत दिले होते. त्या मतामागील अर्थशास्त्र समजून घ्यायचे असेल, तर अल्ट्रा-वाइडबँड या अतिरुंद पट्ट्याच्या बिनतारी तंत्राकडे पाहावे.

नाव अपरिचित असले तरी वस्तू अपरिचित नाही. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या आयफोन ११ मध्ये या तंत्राची चिप बसविली आणि एप्रिल २०२१ मध्ये एअरटॅग नावाची छोटी चकती बाजारात आणली. चकती किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवावी. जुडगा घरात कोठे हरवला, तर तो कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे हे फोनच्या पडद्यावर दिसते. सॅमसंग आणि इतर कंपन्यांनीही याच वाटेने पावले टाकली. किल्ली सापडणे ही किरकोळ सोय झाली. परंतु ती ज्या लहरींवर चालते, त्या कोणी लिलावात विकत घेतलेल्या नाहीत, आणि ज्यांच्या नावावर त्या आहेत त्यांचे काही बिघडलेलेही नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही आहे.

कुजबुज ऐकू येते कशी?

नेहमीच्या रेडिओचे तत्त्व असे की, प्रत्येकाने आपल्या अरुंद पट्टीत राहावे आणि तेथे मोठ्याने बोलावे. एफएमचे एक केंद्र साधारणतः २०० किलोहर्ट्झची जागा व्यापते, आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा एफएमचा सगळा प्रदेश अवघा २० मेगाहर्ट्झ रुंद आहे. अल्ट्रा-वाइडबँडचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. त्याचा एकेक संदेश किमान ५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एफएमच्या सगळ्या प्रदेशाच्या पंचवीसपट रुंदीवर पसरतो. मात्र त्यातील कोणत्याही एका जागी त्याची शक्ती नगण्य असते. अमेरिकेच्या नियमांत ही मर्यादा दर मेगाहर्ट्झला सुमारे ७५ नॅनोवॅट आहे. परवानगी असलेला सगळा पट्टा व्यापला, तरी एकूण शक्ती अर्ध्या मिलिवॅटच्या थोडी वर जाते. मोबाइल फोन गरज पडल्यास २०० मिलिवॅटपर्यंत शक्ती वापरतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा आवाज किती हलका आहे याची कल्पना येईल. वरील मर्यादाही सहज ठरविलेली नाही. घरातील संगणकासारख्या उपकरणातून नकळत जेवढी रेडिओ लहर बाहेर पडलेली कायदा खपवून घेतो, तेवढीच येथे जाणूनबुजून पाठविण्याची मुभा आहे.

इतका क्षीण संदेश ऐकू येतो कसा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये दाखवून दिले की, संदेशवहनाची क्षमता पट्ट्याच्या रुंदीबरोबर झपाट्याने वाढते, शक्तीबरोबर मात्र फार सावकाश वाढते. तेव्हा ज्याच्यापाशी रुंदी भरपूर आहे, त्याला शक्तीची काटकसर परवडते. दुसरी गोष्ट ग्राहकयंत्राच्या कौशल्याची. प्रेषक एका ठराविक क्रमाने अतिशय आखूड स्पंद पुनःपुन्हा पाठवितो, आणि तो क्रम ग्राहकयंत्राला आधीच ठाऊक असतो. ग्राहकयंत्र त्या त्या क्षणी आलेल्या लहरींची बेरीज करीत जाते. आसपासचा गोंगाट कधी अधिक, कधी उणा असल्यामुळे बेरजेत बराचसा विरून जातो आणि ओळखीचा क्रम वर येतो. भर बाजारात अनोळखी माणसांच्या कोलाहलातून घरच्या माणसाची हाक कानाला बरोबर कळते, तसाच हा प्रकार.

परंतु या तंत्राची खरी करामत अंतर मोजण्यात आहे. हे स्पंद एका नॅनोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या, आगेमागे संपतात. एवढ्या वेळात प्रकाश आणि रेडिओ लहर सुमारे ३० सेंटिमीटर जाते. एका यंत्राने स्पंद पाठवायचा, दुसऱ्याने ठरलेल्या विलंबाने उत्तर द्यायचे, आणि पहिल्याने जाण्यायेण्याचा वेळ मोजून त्यातून तो विलंब वजा करायचा. उरलेल्या वेळावरून दोघांमधील अंतर दहा-वीस सेंटिमीटरच्या फरकाने सांगता येते. ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीत संदेश किती क्षीण झाला यावरून अंतराचा अंदाज बांधत. पण संदेश केवळ अंतरानेच क्षीण होत नाही. तो भिंतीने होतो, कपाटाने होतो, मध्ये माणूस उभा राहिला तरी होतो. शिवाय खोलीत लहर भिंतींवर आपटून अनेक वाटांनी येते. अरुंद पट्टीतील लांब लहरींत हे सारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून जातात. आखूड स्पंद मात्र सुटेसुटे पोचतात, आणि सर्वांत आधी आलेला स्पंद बहुधा सरळ वाटेने आलेला असतो. उपग्रहांचे मार्गदर्शन जेथे संपते, त्या छपराखालच्या जगात हे मोजमाप चालते.

जुनीच ठिणगी

वस्तुतः रेडिओचा जन्मच अतिरुंद पट्ट्यात झाला. हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास विद्युत् ठिणगीपासून लहरी निर्माण केल्या. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखविली, ती ठिणगीच्याच बळावर. आणि मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापार संदेश पोचविला, तोही ठिणगीनेच. ठिणगी ही बेशिस्त असते. ती एकदम फार मोठ्या प्रदेशात पसरते, आणि त्या काळची यंत्रे तर ती पूर्ण ताकदीने पेटवीत. जहाजे वाढली, केंद्रे वाढली, तसा कोणाचे बोलणे कोणाला कळेना. म्हणून राष्ट्रांनी लहरींचे पट्टे पाडले, प्रत्येकाला आपली हद्द नेमून दिली, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर ठिणगीयंत्रे हळूहळू हद्दपार झाली. शेतजमिनीची मोजणी होऊन सातबारा तयार व्हावा, तसेच हे झाले.

आखूड स्पंदांचे शास्त्र यानंतर काही दशके बाजूस पडले. १९६० नंतर अमेरिकेत ते रडारच्या निमित्ताने पुन्हा पुढे आले. जेरल्ड रॉस यांना १९७३ मध्ये स्पंदांद्वारे संदेशवहनाचे पेटंट मिळाले. पुष्कळ काळ हा विषय लष्करी संशोधनाच्या चौकटीतच राहिला. जुन्या ठिणगीत आणि या नव्या स्पंदात रुंदीचे साम्य आहे. फरक एवढाच की ठिणगी ओरडत होती आणि स्पंद कुजबुजतो.

बांधावरून जाण्याची मुभा

१४ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ हा साडेसात हजार मेगाहर्ट्झचा पट्टा या कुजबुजीला खुला केला. तो काही रिकामा नव्हता. त्यात उपग्रह, रडार, सूक्ष्मलहरींचे दुवे असे अनेक खातेदार आधीपासून नांदत होते. निर्णयापूर्वी विरोधही मोठा झाला. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या जीपीएस यंत्रणेचे संदेश जमिनीवर पोचतात तेव्हा विलक्षण क्षीण झालेले असतात. त्यांत बिघाड होईल, विमानांना धोका पोचेल, अशी भीती व्यक्त झाली. आयोगाने ती उडवून लावली नाही. जीपीएसच्या लहरी १.६ गिगाहर्ट्झच्या आसपास व त्याखाली आहेत, म्हणून त्या भागात मर्यादा अधिक कडक केली आणि संदेशवहनाला ३.१ च्या वरच वाट दिली. शिवाय अट घातली की, या उपकरणांनी कोणाला उपद्रव द्यायचा नाही आणि इतरांकडून झालेल्या उपद्रवाबद्दल तक्रार करायची नाही.

जमिनीच्या भाषेत बोलायचे, तर लहरींच्या वापराचे तीन प्रकार येथे स्पष्ट होतात. मोबाइल कंपन्यांचा स्पेक्ट्रम म्हणजे मोजून दिलेली, नावावर चढलेली शेती. वाय-फायचा पट्टा म्हणजे गायरान, भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि त्यावर आज घरोघर वाय-फाय चालते. अल्ट्रा-वाइडबँड हे यांपैकी काहीच नाही. ती दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून जाणारी वहिवाटीची पाऊलवाट आहे. मालकी शेतकऱ्याचीच राहते, पीकही त्याचेच; जाणाऱ्याने पेरायचे नाही, तुडवायचे नाही, फक्त जायचे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ ने बांधावरून जाण्याचा हक्क मानला आहे, कारण तो नाकारला तर मालकाचा लाभ शून्य आणि शेजाऱ्याची शेती मात्र अडून राहते. लहरींच्या जगात हा विचार उशिरा आला, पण आला.

किमतीला न दिसलेले मूल्य

लिलावाच्या बाजूने अर्थशास्त्रात भक्कम युक्तिवाद आहे, हे मान्य केले पाहिजे. रोनाल्ड कोझ यांनी १९५९ मध्ये असे मांडले की, लहरी अधिकाऱ्यांच्या मर्जीने वाटण्यापेक्षा त्यांवरील हक्क बाजारात विकावे. ज्याला त्यांचा सर्वाधिक उपयोग आहे, तो सर्वाधिक किंमत देईल. पुढे १९९४ पासून अमेरिकेत लिलाव सुरू झाले, आणि लिलावाच्या पद्धती बसविणाऱ्या पॉल मिलग्रॉम व रॉबर्ट विल्सन यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मर्जीचे वाटप किती महाग पडते, याचा अनुभव भारताने घेतलेलाच आहे. मोबाइलसारख्या ज्ञात आणि मोठ्या उपयोगासाठी लिलावाइतका स्वच्छ मार्ग नाही.

परंतु लिलावात किंमत लागते ती ज्ञात उपयोगाची. अज्ञात उपयोगासाठी बोली लावायला कोणी येत नाही. २००२ मध्ये अल्ट्रा-वाइडबँडचा उपयोग काय, असे कोणत्याही कंपनीस विचारले असते, तर उत्तर आले असते: संगणक, छपाईयंत्र, दूरचित्रवाणी संच यांच्यामधील तारा काढून टाकणे. त्या आशेवर मोठमोठ्या कंपन्यांनी पैसा ओतला. त्यांचे दोन तट पडले. प्रमाणपद्धती कोणाची, या वादात अभियंत्यांच्या ज्या समितीने निवाडा करायचा, तीच जानेवारी २००६ मध्ये निर्णयाविना बरखास्त झाली. बिनतारी यूएसबी म्हणून जे बाजारात आले ते चालले नाही, कारण तोवर वाय-फाय पुरेसे वेगवान झाले होते. सट्टेबाजाच्या हिशेबाने हे तंत्र तेव्हा बुडीत खात्यात गेले.

त्याच सुमारास, २००७ मध्ये, संदेशाच्या वेगाऐवजी अंतराच्या मोजमापावर भर देणारी एक शांत प्रमाणपद्धती मंजूर झाली. डब्लिनच्या डेकावेव्हसारख्या छोट्या कंपन्यांनी तिच्या आधाराने चिपा तयार केल्या, कारखान्यांनी त्या वापरल्या, आणि २०१९ मध्ये ते तंत्र खिशात आले. परवानगीपासून या क्षणापर्यंत सतरा वर्षे गेली. मधल्या काळात पट्टा खुला होता, त्याचे भाडे कोणाला भरावे लागत नव्हते, म्हणूनच ही दुसरी कल्पना जगली. २००२ मध्ये हा पट्टा विकला असता, तर घेणाऱ्याने तारा काढण्याच्या कल्पनेची किंमत मोजली असती आणि ती फसल्यावर कुंपण घालून ठेवले असते.

आज या पाऊलवाटेवरून पुष्कळ वाटसरू जात आहेत. कारखान्यात कोणते अवजार, कोणता सुटा भाग कोठे आहे हे तिच्याद्वारे कळते. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या खांद्यावरील गादीत बसविलेल्या चकत्यांवरून त्यांची धाव मोजतात. रस्त्याखालील नळ आणि भिंतीतील सळया शोधणाऱ्या रडारांचे तत्त्वही आखूड स्पंदांचेच आहे. बंद मोटारीत विसरलेल्या लहान मुलाच्या श्वासाची हालचाल टिपण्याचे काम हे स्पंद करू शकतात. मोटारींच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणारी युरोपीय संस्था अशा यंत्रणेला २०२३ पासून गुण देते. मोटारीच्या किल्लीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. किल्ली जवळ आली की दार उघडणाऱ्या जुन्या मोटारी चोरांना सोप्या झाल्या होत्या. एक चोर घराच्या दाराशी उभा राहून किल्लीचा संदेश टिपतो, दुसरा तो मोटारीपाशी पुन्हा वाजवितो, आणि मोटारीला वाटते किल्ली शेजारीच आहे. संदेशाची ताकद अशी वाढविता येते. पण त्याला लागलेला वेळ कमी करता येत नाही, कारण प्रकाशाहून वेगाने काहीच जात नाही. वेळ मोजणाऱ्या नव्या किल्लीपुढे ही युक्ती चालत नाही. अर्थात कोणतेही कुलूप अभेद्य नसते. स्पंदांच्या मोजणीत घोटाळा करता येतो, हे संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलेच आहे.

वाटेवर नांगर

या पाऊलवाटेला संकट आहे ते तिच्या कायदेशीर दुर्बलतेचे. तक्रार करायची नाही, या अटीवर मिळालेली मुभा ही हक्क नसून सवलत असते. फोनमधील अल्ट्रा-वाइडबँड मुख्यतः दोन जागी चालते: एक ६४९० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि दुसरी ७९८७ च्या आसपास. २०२३ मध्ये दुबईत भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने ६४२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्वेसाठी मोबाइलच्या नावे सुचविला. २०२७ च्या परिषदेपुढे ७१२५ ते ८४०० या पट्ट्यातील मोबाइलचा विषय ठेवलेला आहे. म्हणजे एका जागेवर खुंट्या ठोकल्या गेल्या आहेत आणि दुसरीची मोजणी व्हायची आहे. दोनशे मिलिवॅटने बोलणारा शेजारी येऊन बसला, तर अर्ध्या मिलिवॅटची कुजबुज जवळपास कोणाला ऐकू येणार? भारतातही ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरून मोबाइल कंपन्या आणि वाय-फायचे पुरस्कर्ते यांच्यात मतभेद झाले. त्या वादात कुजबुजणाऱ्याची बाजू मांडायला कोणी नव्हते. हे साहजिकच आहे. बोली लावणारा दारात उभा असतो, पाऊलवाटेने जाणारा कोठे जमत नाही.

यावर मोबाइलला जागाच देऊ नये, असे म्हणणे दुराग्रहाचे होईल. जगातील मोबाइलची गरज खरी आहे. मागणी एवढीच आहे की, पट्टा विकताना खरेदीखतात वहिवाट नोंदवावी: घराच्या आत कमी शक्ती वापरावी, दोन पट्ट्यांपैकी किमान एक जागा कुजबुजीसाठी राखावी, आणि बाजारात येऊ न शकणाऱ्या वापराचा निवाडा महसुलाच्या तराजूवर करू नये. पुणे जिल्ह्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण सुमारे १५०० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी ऐकते. या तंत्राचा तिला थेट उपद्रव नाही, पण तिचे उदाहरण तेच सांगते. दूरच्या आकाशगंगेकडून येणारी लहर ऐकण्यासाठी लागणारी शांतता कोणी लिलावात विकत घेणार नाही. म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही.

वाटेचे नियम वाटसरूलाही लागू व्हावेत. ज्या तंत्राने किल्ली सापडते, त्याने माणूसही सापडतो. नकळत पिशवीत टाकलेल्या चकत्यांनी स्त्रियांचा पाठलाग झाल्याच्या तक्रारी आल्यानंतर ॲपल आणि गूगल यांनी मे २०२४ मध्ये धोक्याची सूचना देणारी सामाईक व्यवस्था आणली. कामाच्या ठिकाणचा प्रश्न याहून अवघड आहे. ओळखपत्रात अशी चिप बसविली, की कारकून टेबलाशी किती वेळ होता, कोणाशी किती वेळ बोलला, याची नोंद हातभराच्या अचूकतेने ठेवता येते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित कारणांसाठी कर्मचाऱ्याच्या संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो कचेरीच्या दाराशी काढून ठेवायचा नसेल, तर या मुभेची मर्यादा स्पष्ट लिहिली गेली पाहिजे.

लहरी जनतेच्या आहेत, याचा अर्थ त्या विकून आलेला पैसा तेवढा जनतेचा, असा नव्हे. त्यांचा वापरही जनतेचाच आहे, आणि अजून न सुचलेला वापरही. गावाने आपली सगळी जमीन खातेदारांत वाटून टाकली आणि एकही पाऊलवाट ठेवली नाही, तर शेते भरघोस पिकतील. पण माल बाजारात न्यायला वाट राहणार नाही. २०२७ च्या परिषदेत भारताचे प्रतिनिधी जेव्हा नकाशासमोर बसतील, तेव्हा त्यांनी शेतांबरोबर ही बारीक रेघही पाहावी.